मदत हवी आहे: बूट परत घेत नाहीयेत

बर्फातली_बाहुली: इथल्या मॉलमधून शनिवारी स्नोबूट घेतले, ८९ डॉलर, कर धरून १०२. आज परत द्यायला गेले तर काउंटरवरची मुलगी पावतीवर बोट ठेवून भराभरा काहीतरी बोलली. मला फक्त 'नों' कळलं. मॅनेजर बहुतेक गुरुवारी येणार. नवऱ्याला फ्रेंच येतं, पण तो दिवसभर गोठ्यात, फोन उचलत नाही. काय करू? लवकर सांगा, बाहेर उणे १८ आहे.

सदाशिव_पेठी: फ्रान्समध्ये १४ दिवसांत कारण न देता परत करता येतं. ठणकावून सांगा.

कोर्टाची_पायरी: तो हक्क ऑनलाइन खरेदीला. दुकानात जाऊन घेतलेल्या मालाला नाही. आणि डॉलर लिहिलंय, फ्रान्स कुठून काढलंत?

बर्फातली_बाहुली: कॅनडातलं क्यूबेक हो! गाव सँ-त्यासँत.

मॉन्ट्रियलची_मावशी: अगं, मग नवरा पशुवैद्यकीयला असणार. फ्रेंचमधून तो विषय शिकवणारी उत्तर अमेरिकेतली एकुलती एक फॅकल्टी तिथे आहे. आमच्याकडे दुकानात 'बोंजूर-हाय' तरी म्हणतात, तिकडे चहूबाजूंनी मका, सोयाबीन आणि गाई, इंग्रजीचं अडतंय कुणाचं? पावतीवर काय लिहिलंय ते टाक.

बर्फातली_बाहुली: लाल शिक्का आहे. 'व्हेंटे फिनाले' असं काहीतरी.

सदाशिव_पेठी: म्हणजे सेलचा माल, परत नाही. विषय संपला.

टायरवाले_तात्या: गाडी असेल तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत तिथे. मी पहिल्या वर्षी दुर्लक्ष केलं आणि दंड भरला.

बर्फातली_बाहुली: गाडी नाहीये!!! बुटांचं बोला.

कोर्टाची_पायरी: परत का करताय पण? साइज चुकला की रंग आवडला नाही? तसं असेल तर क्यूबेकमध्ये दुकानदाराला सक्ती नाही.

बर्फातली_बाहुली: साइज बरोबर आहे. डाव्या बुटाचा सोल दुसऱ्याच दिवशी पुढून सुटला, मगरीने जबडा उघडावा तसा. चालताना आत बर्फ भरतो.

कोर्टाची_पायरी: हे आधी सांगायचं ना ताई! मग शिक्का असो नसो. तिथल्या ग्राहक संरक्षण कायद्याची कलमं ३७ आणि ३८ बघा: वस्तू नेहमीच्या वापराला योग्य हवी, आणि किमतीच्या मानाने पुरेसे दिवस टिकायला हवी. सेलमध्ये घेतली म्हणून ही हमी जात नाही. बूट आणि पावती घेऊन गुरुवारी जा आणि एवढंच म्हणा: 'ला स्मेल ए देकोले. गारांती लेगाल.' म्हणजे सोल सुटलाय, कायदेशीर हमी आहे. सोलचा फोटो आत्ताच काढून ठेवा.

फेविक्विक_फॅन: दहा रुपयांची ट्यूब. एवढी वकिली कशाला?

कोर्टाची_पायरी: चिकटवू नका! मग तुम्हीच बिघडवलं म्हणतील.

मॉन्ट्रियलची_मावशी: गुरुवारी-शुक्रवारी मॉल रात्री ९ पर्यंत असतो, नवऱ्याला घेऊनच जा. शनिवारी ५ ला शटर पडतं. आणि तिकडे ताजे चीजचे दाणे मिळाले तर घे गं, दाताखाली कुचकुच वाजतात.

सदाशिव_पेठी: चितळ्यांच्या पनीरची सर नाही.

बर्फातली_बाहुली: गुरुवारपर्यंत पायात काय घालू ते सांगा!

मॉन्ट्रियलची_मावशी: गोठ्यातले गमबूट असतील की घरात. आत लोकरी मोज्यांचे दोन जोड. त्या मॉलमध्ये कोणी वळूनसुद्धा बघणार नाही.

बर्फातली_बाहुली: नवऱ्याचे आहेत. तीन नंबर मोठे, आणि शेणाचा वास. चालेल.