रि: जूनची योसेमिटी सहल – मिस्ट ट्रेल सगळ्यांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,
कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात मिस्ट ट्रेल या पायवाटेने व्हर्नल फॉल धबधब्याच्या माथ्यापर्यंत जायचा बेत आहे. यादीत भारतातून आलेले चार आजी-आजोबा आणि सात-आठ वर्षांची मुलं आहेत. जमेल ना? छत्र्या आणायला सांगू का?
– सहल समिती

---

नमस्कार,
सगळ्यांना वाटेतल्या पुलापर्यंतच न्या. वाट सुरू होते त्या हॅपी आइल्सपासून (उद्यानाच्या शटल बसचा १६ नंबरचा थांबा) पूल ०.८ मैलांवर आहे. वाट डांबरी, पण ४०० फूट चढण. डांबरी म्हणजे सपाट असं आजी-आजोबांना सांगून फसवू नका! पुलावरून धबधबा समोर दिसतो. स्वच्छतागृह आणि पाण्याचा नळही तिथेच. बाटल्या भरून घ्या, नदीचं पाणी तसंच पिऊ नये.

ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी खरी गंमत पुढे. सहाशेच्या वर दगडी पायऱ्या, एक वीतभर तर दुसरी गुडघाभर. जूनमध्ये बर्फ वितळून मर्सेड नदी फुगलेली असते आणि ३१७ फुटांवरून पडणाऱ्या पाण्याचे तुषार थेट पायऱ्यांवर येतात. ग्रॅनाइट मुळातच पावलांनी गुळगुळीत झालेला. छत्री अजिबात नको: एक हात अडकतो आणि वाऱ्याने ती उलटी होते. पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) घ्या. जीन्स भिजली की जड होते. क्रॉक्स आणि चपला गाडीतच राहू द्या.

घसरण्याची भीती उतरताना जास्त. म्हणून आल्या वाटेने परतू नका. माथ्यावरून आणखी थोडं चढून क्लार्क पॉइंट गाठा आणि जॉन म्यूर ट्रेलने उतरा. लांब पडतं, पण दगड कोरडे मिळतात.

मुलांना एकच ताकीद: धबधब्याच्या वरचं एमराल्ड पूल नावाचं तळं कितीही शांत दिसलं तरी पाण्यात पाय घालायचा नाही. तेच पाणी पुढे कड्यावरून पडतं. २०११च्या जुलैत माथ्यावरचा कठडा ओलांडलेले तिघे वाहून गेले होते.
– ट्रेक गट

---

ज्यांना पुलापर्यंतची चढणही नको त्यांच्यासाठी लोअर योसेमिटी फॉल हा दुसरा धबधबा. ६ नंबरचा थांबा, जेमतेम एक मैलाचा फेरा, पूर्वेकडच्या वाटेने व्हीलचेअरही जाते. जूनमध्ये पाणी भरपूर; ऑगस्टमध्ये मात्र बऱ्याचदा नुसता कातळ बघावा लागतो. व्हर्नल वर्षभर वाहतो.

आणि डब्यांचं: दिवसा खाणं गाडीत चालतं, पण काचा बंद आणि डबे बाहेरून दिसणार नाहीत असे हवेत. अंधार पडल्यावर गाडीत काहीही ठेवायला बंदी आहे. चकल्यांच्या वासाने अस्वल गाडीचं दार वाकवू शकतं.
– भोजन समिती