स्लॅट ग्रिलची विलीज एमबी: खरी की जोडलेली? फ्लोअर आणि इंजिनबद्दलही हवं

साखळीकर
गोव्यात साखळीला एका शेडमध्ये पट्ट्यांच्या ग्रिलची (स्लॅट ग्रिल) जीप आहे. ग्रिल दाबून काढलेल्या नऊ खाचांची नाही, लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली. ग्लोव्ह बॉक्स नाही. इंजिन डिझेल घातलंय. ड्रायव्हरच्या सीटखाली पत्र्यातून बोट आरपार जातं. ही खरंच सुरुवातीची विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप, आहे हे कशावरून ठरवायचं? फ्लोअर सगळा बदलावा की ठिगळ चालेल? आणि मूळ इंजिन मिळेपर्यंत महिंद्राच्या नंतरच्या सीजे-३बी जीपचं पेट्रोल इंजिन बसवलं तर?

चासीनंबर
ग्रिलवर जाऊ नका, ती कुठलाही वेल्डर करून देतो. चासी बघा. रेडिएटरखालची आडवी क्रॉस मेंबर गोल नळीची असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली तीच जीप. मग चासीच्या डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेट केलेली नंबर प्लेट शोधा. एमबीचे नंबर १००००१ पासून सुरू होतात आणि स्लॅट ग्रिलच्या पहिल्या २५,८०८ गाड्याच निघाल्या, १९४१ च्या अखेरीपासून १९४२ च्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे नंबर १२५८०८ च्या आत हवा. नंतर फोर्डची दाबून काढलेली स्वस्त ग्रिल विलीजनेही उचलली. प्लेट गेली असेल तर रिव्हेटची भोकं तरी सापडतील. तिथे ग्राइंडर फिरवू देऊ नका, वायर ब्रशनेच साफ करा.

पत्रेकाम_फोंडा
ठिगळ नको. या बॉडीचा दुखरा भाग फ्लोअरच्या वर नाही, खाली आहे. पत्र्याला खालून आधार देणाऱ्या टोपीच्या आकाराच्या पट्ट्यांमध्ये (हॅट चॅनेल) कारखान्यातूनच लाकूड भरलेलं असतं. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर खारा वारा, ते लाकूड स्पंजासारखं पाणी धरून ठेवतं आणि चॅनेल आतून खातं. वरून नवा पत्रा मारला तर दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा वर येईल.

बॉडी चासीवरच बोल्ट केलेली ठेवा. कापण्याआधी दरवाजाच्या दोन्ही मोकळ्या जागांत आडवे आणि तिरके अँगल टॅक करा (तात्पुरते वेल्ड). नाहीतर फ्लोअर निघाल्यावर बॉडीचा टब मधोमध खचतो, मग विंडशील्डची फ्रेम जागेवर येत नाही. एका वेळी एकच चॅनेल काढायचा, नवा बसवायचा, मग पुढचा. १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा पुरतो. जाड घेतला तर मूळचे उठाव जुळत नाहीत. दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे जोडण्याआधी वेल्ड-थ्रू प्रायमर (ज्याच्यावरूनच वेल्ड करता येतं तो) मारा. सलग वेल्ड ओढू नका, पत्रा ताणला जातो. टाके टाके द्या.

पेट्रोलची टाकी जिथे बसते ती खोलगट जागा सर्वांत आधी जाते. तिचं पाणी निघायचं भोक रंगाने बुजलंय का पाहा.

माझं मत, चॅनेलमध्ये लाकूड परत घालू नये. टोकांना निचऱ्याची भोकं ठेवून आत मेण मारावं.

चासीनंबर
लाकडाबद्दल असहमत. ते गेलं तर बॉडी बोल्ट आवळताना चॅनेल चेपतो. मुरलेलं सागवान, सगळ्या बाजूंनी प्रायमर मारून, फक्त बोल्टच्या जागी ठोकळे. मधला भाग रिकामा ठेवला तरी चालतं.

पत्रेकाम_फोंडा
ठोकळ्यांपुरतं मान्य.

सहाव्होल्ट
सीजे-३बीचं इंजिन एफ-हेड आहे, म्हणजे काही व्हॉल्व्ह वर हेडमध्ये; हेडवर टॅपेट कव्हर असल्याने उंच. ३बीचं बॉनेट त्याच्यासाठीच उंच केलेलं. एमबीच्या बॉनेटखाली ते मावत नाही. शिवाय एमबीच्या एल-हेडला (सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये) टायमिंग चेन असते. नंतरच्या इंजिनांत गिअर आले, म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम उलटा फिरतो. ऑइल पंपही त्यामुळे वेगळा. भंगारातला पंप चेनच्या इंजिनाला लावलात तर फसाल. बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४ ३/८ इंच, एल-हेड आणि एफ-हेड दोन्हींचा सारखाच, पिस्टनचा शोध त्यामुळे सोपा. जुळवणीला टॅपेट थंड इंजिनावर ०.०१४ इंच, पॉइंट ०.०२०, प्लग ०.०३०.

वायरिंग ६ व्होल्टचंच ठेवा. व्होल्टेज निम्मं म्हणजे करंट दुप्पट, आणि लोक १२ व्होल्टच्या बारीक केबल घालून स्टार्टरला दोष देतात. बॅटरी ते स्टार्टर ५० चौरस मिमी केबल हवी. इंजिन रबरावर बसतं, त्यामुळे इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टी विसरलात तर सेल्फ नुसता कण्हतो.

इथे आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. पावसाळ्यात टाकी अर्धवट ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी साचून टाकी आतून गंजते. कार्टर कार्ब्युरेटरचं बाऊल रिकामं करून ठेवा, होज व्हायटनचेच (इंधनाला टिकणारं रबर) घ्या.

चासीनंबर
डिझेल इंजिन काढायचं एक कारण: २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेले चालत नाहीत. शुल्क २०,००० रुपये, वैधता १० वर्षं, नंबरात 'व्हीए' येतं. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही.

आणि चाकं खोलायला जाण्याआधी: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे आहेत. चार फुटी पाइप लावून जोर काढणाऱ्यांनी बरेच स्टड तोडलेत.