‘नाही’ म्हणणंही विश्वासातलंच

इंदुरात फोन करून येणारा पाहुणा विरळा. पोह्यांच्या वासावर माणसं आत येतात. त्यातून घर मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, असलं की प्रार्थना, आजारपण, उसनवारी, सगळं एकाच दारातून. ‘ख्रिस्ती माणसाने नाही म्हणू नये’ हा समज कुठे आणि कसा मोडायचा, ते जाणत्यांनी लिहावं. आपबीती नको, रीत सांगा.

एक वडीलजन (मंडळीचे कारभारी), छावणी
बायबलमधलं गलतीकरांस पत्र, अध्याय 6 उघडा. वचन 2 म्हणतं एकमेकांची ओझी वाहा; वचन 5 म्हणतं ज्याने त्याने आपला भार वाहावा. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. ‘बारोस’ म्हणजे कंबर मोडणारं वजन, ‘फोर्तिओन’ म्हणजे ज्याचं त्याने उचलायचं गाठोडं. कोणी मागायला आलं की आधी हे पारखा. ऑपरेशनचं बिल पहिल्यात, दर महिन्याचं रिचार्ज दुसऱ्यात. आपण गाठोडी उचलत बसतो आणि खरा डोंगर कोसळतो तेव्हा खिसा रिकामा असतो.

पतसंस्थेचं काम पाहणारे
वडीलजन काकांच्या त्या रिचार्जपेक्षा महाग पडते ती जामिनाची सही. ‘भिया, एक सही तो है!’ नीतिसूत्रे 6:1-5 मध्ये जामीन राहिलेल्याला सांगितलंय, झोपू नकोस, हरिणासारखा निसटून जा. कायदाही सैल नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की, करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला गाठायचं बंधनही बँकेवर सहसा नसतं. सहीऐवजी रोख द्या, बुडाली तरी झोप उडणार नाही इतकीच, आणि दिली ती दिली समजा.

नाही म्हणताना कारण जोडू नका. ‘सध्या हात आखडलाय’ म्हटलं की दोन महिन्यांनी ‘सुटला का?’ येतंच. ‘आमच्या घरात कोणी जामीन राहत नाही’ इथे थांबा. मत्तय 5:37 चं ‘होय तर होय, नाही तर नाही’ फार व्यवहारी आहे.

पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरातून
मार्क 1 मध्ये संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटतं. येशू पहाटे उठून एकांतात जातो; शिष्य शोधत येतात, तर म्हणतो दुसऱ्या गावी जाऊ. रांग संपली नव्हती, हे लक्षात घ्या.
पाळकांचा सोमवार सुटीचा असेल तर तो उपासनेनंतरच्या सूचनांत जाहीर करा, त्या दिवशीचे फोन दोन वडीलजनांकडे वळवा. अपवाद दोनच: मृत्यू आणि अतिदक्षता विभाग. तिसरा अपवाद झाला की सोमवार गेला. (निर्गम 18 मध्ये मोशेला कामं वाटून द्यायला सासऱ्याने शिकवलं, सासरचे सल्ले अगदीच वाया नसतात.)

रविवारशाळेच्या ताई
अबोला धरणं म्हणजे मर्यादा घालणं नव्हे. कोणी आपलं वाईट केलं तर मत्तय 18:15-17 चा क्रम आहे: आधी एकांतात, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. आमच्याकडे आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग पाळक, आणि ज्याचं चुकलं त्याला सगळ्यात शेवटी.

समुपदेशक, महिला संगती
ताई, घरात मारहाण असेल तिथे तो क्रम लावू नका. मार खाणाऱ्या बाईला एकटीला मारणाऱ्यासमोर बसवू नये, ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ ऐकवून परतही पाठवू नये. क्षमा मनात होते. एका छताखाली राहायचं की नाही हा निर्णय वेगळा. 181 ही महिला हेल्पलाइन, तातडीला 112. आधार, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या घरी आधीच ठेवाव्यात, आणि ते घर सासरच्या नात्यातलं नसावं.