एमडीएमसाठी ४ टीबी? आधी डेटा किती दिवस ठेवायचा ते ठरवा

परळ_अ‍ॅडमिन
आमच्या कंपनीचे १,२०० अँड्रॉइड फोन आणि स्कॅनर एमडीएमवर घ्यायचे आहेत, म्हणजे लांबूनच अ‍ॅप टाकता येईल, लॉक करता येईल, हरवला तर पुसता येईल. निम्मे भिवंडीच्या गोदामात आहेत, निम्मे डिलिव्हरीच्या मुलांकडे. सर्व्हर ऑफिसातच राहणार. विक्रेत्याने कोटेशनमध्ये ४ टीबीची डिस्क लावलीय आणि कारण देतोय, 'एवढ्या डिव्हाइसना एवढं लागतंच'. मला हे अजिबात पटत नाही.

फोनची नोंद, पॉलिसी, सर्टिफिकेट, अ‍ॅपची यादी यांनी डिस्क भरत नाही, ती भरते साठवलेल्या इतिहासाने. दर १५ मिनिटांनी लोकेशन घेतलं तर एका फोनच्या दिवसाला ९६ नोंदी, सगळ्यांच्या मिळून १,१५,२००. १८० दिवसांच्या दोन कोटींवर जातात. इंडेक्ससकट (नोंद शोधायच्या सूचीसकट) नोंदीला ४०० बाइट धरले तर साधारण ८ जीबी. ४ टीबीपुढे हे काहीच नाही, पण डेटाबेस फुकटचा असेल तर एवढंही गळ्याशी येतं. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस २०२२ या फुकटच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. डिस्क रिकामी पडलेली असेल आणि नवी नोंद मात्र आत जाणार नाही. म्हणून आधी मुदत ठरवा, डिस्कचं नंतर बघू.

अंधेरी_सर्व्हरवाला
हिशेब बरोबर आहे, पण तो एकट्या डेटाबेसचा झाला. ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद), बॅकअप, सर्व्हरचे लॉग, अ‍ॅपच्या जुन्या आवृत्त्या कुठे धरल्यात? एका क्लायंटकडे फुल रिकव्हरी मॉडेल लावलं होतं, म्हणजे बॅकअप घेईपर्यंत हा लॉग रिकामा होत नाही, आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नव्हतं. लॉगची फाइल फुगत गेली आणि शनिवारी रात्री डिस्क भरली. सोमवारी एकाचा फोन लोकलमध्ये चोरीला गेला, तर पुसायची कमांड सर्व्हर स्वीकारेना. फोनमध्ये सगळ्या ग्राहकांचे पत्ते होते! शिवाय रेड १० केलंत, म्हणजे सगळा डेटा दोन-दोन डिस्कवर ठेवलात, तर ४ टीबीचे हातात २ टीबीच येतात. वर्षाच्या मध्यात नवी डिस्क मागायची तर अकाउंट्सच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात ते तुम्हालाही माहीत आहे. आत्ताच घेऊन ठेवा.

आणि मुदत फक्त तुमच्या हातात नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आयटी सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात.

ठाण्याची_मीरा
मुळात सर्व्हर ऑफिसात हवाच कशाला? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून अख्ख्या मुंबईची वीज गेली. क्लाउडवर जा, लागेल तशी जागा वाढवा.

परळ_अ‍ॅडमिन
मीराताई, क्लाउडवर जागा वाढते तसं बिलही वाढतं, आणि जुना डेटा कोणी पुसला नाही तर तो दर महिन्याच्या बिलात बसतो. मुदतीचा प्रश्न तिथेही सुटत नाही. पाण्याचा आणि विजेचा मुद्दा मात्र मान्य, बॅकअप मुंबईबाहेर जाईल.

भिवंडी_गोदाम
आमच्याकडची अडचण निराळी आहे. ८० एमबीचं अ‍ॅप ६०० स्कॅनरवर एकदम सोडलं की ४८ जीबी एकाच लाइनवरून ओढले जातात आणि बिलिंग ठप्प होतं. सर्व्हरवर फाइल ८० एमबीचीच असते. डिस्क मोठी घेऊन आमचं काही भागणार नाही, अपडेट रात्री टप्प्याटप्प्याने सोडा.

अंधेरी_सर्व्हरवाला
हे मान्य. तरी लोकेशन १८० दिवस ठेवावं असंच माझं मत आहे, वाद झाला तर पुरावा लागतो.

परळ_अ‍ॅडमिन
इथे माझा ठाम विरोध आहे. सर्ट-इनचा नियम सिस्टिमच्या लॉगसाठी आहे. डिलिव्हरीचा मुलगा संध्याकाळी कळव्याला घरी कधी पोचला, रविवारी कुठे गेला, हे त्यात बसत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: काम संपलं की वैयक्तिक माहिती पुसायची. लोकेशन फक्त ड्युटीच्या वेळेत घ्यायचं आणि ३० दिवस ठेवायचं. चोवीस तासांचं धरलं तरी दीड जीबीच्या आत बसतं.

लॉगच्या १८० दिवसांचं तुमचं म्हणणं मी घेतलं. विक्रेत्याकडून आता डेटाबेस, लॉग, अ‍ॅपच्या फाइली आणि बॅकअप यांचे आकडे वेगवेगळे मागवतोय. लॉगला स्वतंत्र व्हॉल्यूम (डिस्कचा वेगळा भाग), ७५ टक्के भरला की अलर्ट. रेड १० नंतर १ टीबी हातात राहिला तरी तीन वर्षं पुरेल असा माझा अंदाज आहे. कमी वाटत असेल तर कशामुळे ते आकड्यानिशी सांगा.