मदत हवी आहे : बायपासनंतर ताईच्या पोटात कळा

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. ताईचं वजन कमी करायचं गॅस्ट्रिक बायपास (जठराचं ऑपरेशन) होऊन १४ महिने झाले. ११८ किलोवरून ७९ वर आली, शुगरची गोळी सुटली, जिना न थांबता चढते. पण महिनाभर झाला, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येते ती पार पाठीपर्यंत. रात्री उठून बसते बिचारी, भाकरीचा घास घ्यायलाही घाबरते. झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून सोनोग्राफी करणार आहोत. गुडघ्यासाठी ती आयबुप्रोफेन (दुखणं थांबवायची गोळी) घ्यायची. बायपासनंतर त्यानं अल्सर होऊ शकतो हे आम्हाला आत्ता कळलं, लगेच बंद केलं. बेळगाव किंवा कोल्हापुरात असे रुग्ण बघणारे, मराठीत नीट समजावणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? कुणाला असाच त्रास झाला असेल तर काय निघालं, तेही सांगा.