क्नूट हामसून: 'हंगर' आवडली, पुढचं वाचू की नको?

पुस्तककिडा:
मंडळी, परवा नॉर्वेच्या हामसूनची 'हंगर' संपवली, अजून डोक्यातून जात नाहीये. १८९० ची कादंबरी, आणि तो उपाशी माणूस खाटकाकडून कुत्र्यासाठी म्हणून हाडूक मागून घेतो आणि आडोशाला जाऊन स्वतःच कुरतडत बसतो, तिथे मला थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवावं लागलं. मग लेखकाबद्दल शोधलं तर हा नाझींचा पाठीराखा निघाला! १९२० मध्ये नोबेल मिळालेलं, ते पदक याने १९४३ मध्ये गोबेल्सला देऊन टाकलं. काहीजण म्हणतात म्हातारा होता, बहिरा होता, जर्मनांनी वापरून घेतलं. खरंच तसं होतं का?

वाचनवेडी:
बिनधास्त वाचा. त्यावेळी ऐंशीच्या पुढचा होता तो, धड ऐकू येत नव्हतं, बायको मारी पण नाझींच्या बाजूची. आणि १९४३ मध्येच हिटलरला भेटला तेव्हा जर्मनांनी नॉर्वेवर नेमलेल्या टेरबोवेन या कारभाऱ्याची त्याने तोंडावर तक्रार केली, हिटलर प्रचंड भडकला. हे करायला पण हिंमत लागते ना? कादंबरी तर त्याच्या कितीतरी आधीची आहे.

अनघड:
वाचनवेडी, भेटीचं खरं आहे, पण वयाचं मला अजिबात पटत नाही. १९३५ मध्ये नॉर्वे स्वतंत्र होता, कोणाचा दबाव नव्हता, तेव्हा कार्ल फॉन ओसिएत्स्की हा जर्मन पत्रकार छळछावणीत खितपत पडला होता आणि हामसूनने पेपरात लेख लिहून त्याच्यावरच टीका केली. पुढे त्याच ओसिएत्स्कीला शांततेचं नोबेल मिळालं आणि १९३८ मध्ये तो वारला. मग एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत घुसलं, महिना व्हायच्या आत हा आपल्याच देशाच्या पोरांना सांगतो बंदुका टाका आणि घरी जा. आणि ७ मे १९४५ ला, म्हणजे सगळं संपल्यावर, 'आफ्टनपोस्टन'मध्ये हिटलरवर मृत्युलेख, त्यात त्याला मानवजातीसाठी लढणारा योद्धा म्हटलंय. त्यातून काय पदरात पडणार होतं? काहीच नाही, माणसाला मनापासून तसं वाटत होतं.

नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची मानसिक क्षमता कायमची कमकुवत झालीय असा रिपोर्ट दिला, त्यामुळे देशद्रोहाचा फौजदारी खटला टळला, भरपाईची केस मात्र चाललीच आणि १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३,२५,००० क्रोनरवर शिक्कामोर्तब केलं. आणि डोकं चालत नाही म्हणणाऱ्यांना त्याने उत्तर दिलं ते 'ऑन ओव्हरग्रोन पाथ्स' हे आत्मकथन लिहून, १९४९ मध्ये, वयाच्या नव्वदीत, आणि काय स्वच्छ लिहिलंय! पश्चात्ताप मात्र शोधून सापडत नाही. म्हणून त्याला बिचारा म्हणू नका प्लीज, ओसिएत्स्कीवर अन्याय होतो तो.

पुस्तककिडा:
बापरे, ओसिएत्स्कीचं माहीतच नव्हतं. मग तुम्ही स्वतः वाचता का त्याला?

अनघड:
वाचतो, 'हंगर' तर परत परत. कुठलाही पक्ष, कुठलाही संदेश नाही त्यात, फक्त एक माणूस आणि त्याची भूक. 'ग्रोथ ऑफ द सॉइल' मात्र सावधपणे वाचा, नोबेल त्याच कादंबरीसाठी होतं आणि जमीन कसणाऱ्या इसाकचं वर्णन फार ताकदीचं आहे, पण उत्तरेकडच्या आदिवासी सामी लोकांबद्दल जे तुच्छतेने लिहिलंय ते १९१७ चंच आहे, तेव्हा हिटलरला कोणी ओळखतही नव्हतं. मी तुमच्या जागी असतो तर आधी 'ओव्हरग्रोन पाथ्स' घेतलं असतं.