पगार बघायचा की सुटायची वाट? आखात, जर्मनी, जपान आणि आपला ऊसफड

उद्यमनगरी_फिटर

आतेभाऊ वेल्डर आहे. वय २४, दहावी पास, आयटीआय झालेला. गोकुळ शिरगावात एका शॉपमध्ये महिना १९ हजारांवर काम करतो. आता एक एजंट सौदीला पाठवतो म्हणतोय. पगार २२०० रियाल, राहणं कंपनीचं, आणि 'खर्चाचे' १ लाख २० हजार. आत्यानं पाटल्या मोडायची तयारी केलीय. घरात जो येतो तो विचारतो, पगार किती? मी विचारलं, मालक वाईट निघाला तर पोरगं सुटणार कसं? सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी बारशात अपशकुन बोललो.

पण कुठला देश परदेशी कामगाराला कसा वागवतो हे बघायचं तर मी हेच एक बघतो. आखातातल्या कफाला पद्धतीत कामगाराचा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, कफीलच्या, म्हणजे मालकाच्या भरवशावर. नोकरी सोडली की देशात राहायचा हक्क संपला. मालकानं 'हुरूब' लावला, म्हणजे माणूस पळाला अशी तक्रार टाकली, की कामगार बेकायदेशीर. हे आता सैल होतंय, मान्य. कतारनं २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली, २०२१ मध्ये किमान पगार १००० रियाल केला. सौदीनंही २०२१ मध्ये वर्षभर काम केल्यावर बदलीची सोय केली. पण घरकाम करणाऱ्या बायका, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना त्यातून वगळलं. मालकाच्या कुंपणाच्या आत राहणारे नेमके तेच.

आणि हे अरबांचंच असतं असं समजू नका. जपाननं १९९३ पासून 'प्रशिक्षणार्थी' म्हणून पोरं नेली. नाव प्रशिक्षणाचं, काम कारखान्यात, शेतावर, बांधकामावर, आणि मालक बदलायचा नाही. दरवर्षी हजारो जण पळून जायचे. शेवटी २०२४ मध्ये ती योजना मोडायचा कायदा त्यांच्याच संसदेनं केला, नवी २०२७ पर्यंत येणार. ब्रिटननं २०२२ मध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला बाहेरून माणसं बोलावली, मार्च २०२४ मध्ये सांगितलं की बायकापोरं आणायची नाहीत, जुलै २०२५ मध्ये नव्यांना दारच लावलं. मधे शेकडो मालकांचे बाहेरून माणसं आणायचे परवाने रद्द झाले. त्यांच्याकडच्या कामगारांना सरकारची चिठ्ठी आली की साधारण ६० दिवसांत नवा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. लबाडी मालकानं केली, दिवस कामगारानं मोजायचे.

माझं म्हणणं, पाटल्या मोडू नयेत. बोला.

गडहिंग्लज_ते_दम्माम

फिटर, वाचून लिहिलंयस, राहून नाही. मी सौदीत दम्मामला ११ वर्षं काढली, पाइप फिटर म्हणून. इकामा माझ्या खिशात, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. गावाकडं यायचं तर आधी अर्ज, मग फोरमनच्या मागं फिरायचं. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण पगार बँकेत पडायचा. पुढं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उन्हात काम बंद, असा सरकारी नियम झाला आणि आमच्या साइटवर तो पाळलाही. आपल्या फौंड्रीत मे महिन्यात भट्टीपुढं उभ्या असलेल्याला कोण तीन तास सावलीत बसवतो, सांग.

दोन बहिणींची लग्नं, दीड एकर, स्लॅबचं घर, सगळं त्या कफीलच्या पैशातलं. आणि मनातलं सांगू? सुटता येत नव्हतं म्हणून टिकलो. दार उघडं असतं तर तिसऱ्या महिन्यात आईच्या हातची भाकरी खायला परत आलो असतो आणि आज तुझ्या आतेभावासारखाच १९ हजारांवर असतो. पोराला जाऊ दे.

उद्यमनगरी_फिटर

काका, तुमचं खोटं म्हणत नाही. पण तुम्ही टिकलात कारण कंपनी बरी होती. १२ जून २०२४ ला कुवेतमध्ये मंगफला कामगारांच्या इमारतीला आग लागली, ४० हून जास्त भारतीय गेले. दाटीवाटीनं झोपलेले. खोली आवडली नाही म्हणून त्यातला कोण दुसऱ्या मालकाकडं जाऊ शकला असता? चांगल्या मालकाकडं कुठलाही कायदा चालतो. वाईट मालकाकडं काय होतं तेच बघायचं ना.

शिरोली_कास्टिंग

मी मालकाच्या बाजूनं बोलतो, शिव्या घालायच्या त्या घाला. परदेशातला मालक विमानाचं तिकीट भरतो, व्हिसाची फी भरतो, सरकारला दरवर्षी माणसामागं पैसे भरतो. तो माणूस दुसऱ्या महिन्यात शेजारच्या कंपनीत ५० रियाल जास्त मिळतात म्हणून गेला तर? माझ्याकडं ओडिशाची पोरं मोल्डिंगला आहेत. हात बसायला सहा महिने जातात. हात बसला की पलीकडचा शेडवाला गेटवर येऊन उभा राहतो. ज्यानं खर्च केला त्याला थोडी तरी हमी नको? आणि प्रत्येक देशाला कुणाला, किती दिवस घ्यायचं हे ठरवायचा हक्क आहे. पाहुणा बोलावला म्हणून सातबारावर नाव लावत नाही आपण.

कसबा_बावडा_मास्तर

शिरोलीकर, तुमचंच म्हणणं जर्मन कारखानदारांनी साठ वर्षांपूर्वी मांडलं होतं, पण उलट्या बाजूनं. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार केला. माणूस यायचा, दोन वर्षं राबायचा, परत जायचा, त्याच्या जागी नवा. सरकारला वाटलं झकास, कुणी कायमचा राहायचा नाही. ओरड केली कोणी? मालकांनी. आत्ता कुठं हात बसला आणि तुम्ही माणूस परत पाठवताय! १९६४ मध्ये ती दोन वर्षांची अट निघाली. मग १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि सरकारनं भरती थांबवली. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे आत असलेल्यांना कळलं. त्यांनी गाशा गुंडाळायच्या ऐवजी बायकामुलांना बोलावून घेतलं. दार लावल्यामुळं माणसं राहिली. चाळीस वर्षं वर्गात इतिहास शिकवला, पण हा प्रसंग पाठ्यपुस्तकात नव्हता, पोरांना मी तोंडीच सांगायचो.

हुपरीचा_भावड्या

मास्तर, परीक्षेला येणार का हे?

बी२_चा_अभ्यास

मी नर्स आहे, जर्मनीच्या रांगेत. सकाळची ड्यूटी, संध्याकाळी राजारामपुरीत जर्मनचा क्लास, रात्री डेर-डी-दास. आमच्या बॅचला १४ जणी होतो, आता ६ राहिलो. जर्मनीनं २०२४ मध्ये भारतातल्या कुशल कामगारांसाठी वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेले. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तेव्हा 'आता जर्मनी' म्हणून जे पेव फुटलं त्यात मीही आले.

तर फिटरदादा, तुमच्या फूटपट्टीनं जर्मनी चांगला ठरतो. कागदावर नोकरी बदलता येते, पुढं कायमचं राहता येतं, कुटुंब नेता येतं. पण माझा करार वाचून दाखवते. पान ४. दवाखान्यानं भाषेचा, प्रवासाचा, डिग्रीला मान्यता घ्यायचा खर्च केलाय, मी दोन वर्षांच्या आत सोडलं तर तो हप्त्याहप्त्यानं परत करायचा. आकडा बघून पपा गप्प झाले. डिग्रीला मान्यता मिळेपर्यंत मी तिथं नर्स नाही, मदतनीस, पगारही मदतनिसाचा. दार उघडं आहे, पायात दोरी आहे. आमच्या गावाकडं असे आधी पैसे देऊन माणूस बांधून घ्यायला एक शब्द आहे, उचल.

मी तरी जाणार आहे.

दत्तवाड_ट्रॅक्टर

ताई, उचल म्हणालात म्हणून लिहितोय, नाहीतर मी फक्त वाचतो. त्या शब्दाची दुसरी बाजू पण ऐका. मी ऊस वाहतूकदार. ऊसतोडीच्या टोळीसाठी मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्याला, साडेसात लाख उचल दिली, कारखान्याच्या करारावर, सोसायटीचं कर्ज काढून. दसरा झाला, दिवाळी झाली, मुकादमाचा फोन बंद. बीडला दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला गावातल्यांनीच सांगितलं, तो कर्नाटकात दुसऱ्याचे पैसे घेऊन गेलाय. ट्रॅक्टर अंगणात, हप्ता चालू. आता मला सांगा, हितं बांधलेला कोण, कामगार का मी? माणूस कधीही सुटू शकतो असा कायदा केला तर पैसे कोण लावणार?

उद्यमनगरी_फिटर

दादा, तुमचं नुकसान खरं आहे, त्यात वाद नाही. पण पैसे घेऊन पळाला तो मुकादम. फडात पहाटे चारला उठून मोळ्या बांधते ती जोडी पळू शकते का? नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, अंगावर दोन लाख, हंगाम संपला तरी फिटत नाहीत, मग पुढल्या वर्षी परत तोच मुकादम. मधला माणूस तुमचेही पैसे खातो नि त्यांचंही रक्त. आतेभावाचा एजंट म्हणजे काय वेगळं? फरक इतकाच, तिथं उचल कामगारच देतो!

दत्तवाड_ट्रॅक्टर

हे पटलं. पैसे आले नाहीत ते नाहीतच.

शिरोली_कास्टिंग

आता सगळ्यांनी मिळून मुकादमाला धरलंय तर मीही बोलतो. माझ्या पोरांची आधार कार्डं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असायची. सुपरवायझरनं सुरू केलेलं, 'हरवतात' म्हणून. दम्मामच्या काकांचं पासपोर्टचं कपाट वाचलं आणि सकाळी परत द्यायला लावली. एकानं विचारलं, साहेब काढून टाकताय का? पण माझा मुद्दा तोच आहे. खर्च करणाऱ्याला वर्षभराची हमी पाहिजे.

गडहिंग्लज_ते_दम्माम

वर्षभर बांधलेलं चालेल. मला पहिली सहा वर्षं सुटायची सोय नव्हती.

माग_इचलकरंजी

सौदीत आपल्याला कसं वागवतात यावर एवढं बोलताय. आमच्याकडं युपी-बिहारच्या कामगाराला खोली देताना किती जण सरळ नावानं हाक मारतात? 'ए भय्या' शिवाय बोलणं नाही. भाडं मात्र दुप्पट.

पासपोर्टचा_कारकून_निवृत्त

तत्त्वज्ञान पुरे, कामाचं सांगतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली एजंटची सरकारकडं नोंदणी लागते. कामगाराकडून घ्यायचं सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार, वर जीएसटी. म्हणजे ३५,४०० झाले. १ लाख २० हजार कशाचे? इ-मायग्रेट या सरकारी साइटवर एजंटचं नाव टाकून बघा.

दुसरं, पोरगं दहावी पास आहे, म्हणजे पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा, नसणार. लोकांना वाटतं बरं झालं, विमानतळावर कटकट नाही. पण अडवणारा नाही म्हणजे विचारणाराही नाही. तिसरं, व्हिसावर काम काय लिहिलंय ते अरबी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. इथं वेल्डर सांगतात, कागदावर हमाल असतो. आणि 'आझाद व्हिसा' म्हणाला तर तिथंच उठा. तसला व्हिसा कायद्यात नाही. कफील कागदापुरता असतो, तो दर वर्षी पैसे मागतो, आणि पकडलं गेलं तर पोरगं अडकतं.

गडहिंग्लज_ते_दम्माम

हे बरोबर बोलले. मी 'जाऊ दे' म्हणालो ते कंपनीच्या व्हिसावर. आझादवर नाही. आमच्या खोलीत एक जण होता आझादवाला, पोलिसाची गाडी दिसली की संडासात जाऊन बसायचा.

उद्यमनगरी_फिटर

आत्ता बघितलं. एजंटचं नाव साइटवर आहे, पण नोंदणीची मुदत संपलेली. फोन केला तर म्हणतो नूतनीकरण चालू आहे, तोवर पोराला व्हिजिट व्हिसावर काढू, तिथं गेल्यावर बदलून घेऊ. आतेभाऊ शेजारी बसून ऐकत होता. म्हणतो, दादा, पण शॉपमध्ये मी राजीनामा दिलाय.

शिरोली_कास्टिंग

वेल्डर चांगला आहे का? सोमवारी पाठव. हमी मागत नाही.

हुपरीचा_भावड्या

आणि पाटल्या?

उद्यमनगरी_फिटर

त्या काल संध्याकाळीच गुजरीत सराफाकडं गेल्या. आत्याला सांगायला मी निघालोय, कुणी सोबत येणार असेल तर या.